पडवीतला स्टुडिओ बंद करताना मनूला लिहिलेलं पत्र

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू पुन्हा पुन्हा तेच विचारत होतीस, गिऱ्हाईक येतंय तर स्टुडिओ बंद कशाला करताय? नेमकं तेव्हाच कुणीतरी फोटोला आलं होतं, धड बोलणं झालं नाही. म्हणून सवडीने लिहितोय.

आधी पैशाचं सांगतो, म्हणजे तुझा जीव टांगणीला राहणार नाही. स्टुडिओचं पोट पासपोर्ट फोटोवर चालायचं, ते काम कधीच आटलंय. पासपोर्ट सेवा केंद्रात फोटो तिथल्या तिथे काढतात, आधारलाही तसंच. उरले शाळेचे फॉर्म, बँका, पॅन कार्ड. ते सगळं काम आणि प्रिंटर मी माझ्या हाताखालच्या मुलाला देतोय. त्याचा बाजारात गाळा आहे, त्याला ते पुरेल. लग्नं मी घेईन, पण निवडक. तुळशीचं लग्न झालं की हंगाम सुरू होतो, तेवढ्यात वर्षाचा खर्च निघतो. आईने वही घेऊन हिशेब केलाय, आणि तिचा हिशेब तुला माहीत आहे.

आता खरं कारण. त्या पडवीत मी आयुष्यभर सावल्या पुसत आलो. ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो, पांढरा पडदा, चेहऱ्यावर किंवा मागे सावली पडता कामा नये असा नियमच. दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर छत्र्या, हनुवटीखाली थर्मोकोल. लग्नाच्या अल्बममध्येही लोकांना तेच हवं असतं. सुरकुती नको, डोळ्यांखालचं काळं नको. ते काम मी मन लावून केलं आणि मला त्याचा अभिमान आहे. माणसाला स्वतःचा चेहरा आवडावा ही लहान गोष्ट नव्हे. पण खोली तीच, दिवे तेच, उजेड कुठून येणार ते दार उघडण्याआधी ठाऊक. मला अजून शिकायचं आहे, मनू, आणि त्या खोलीत शिकण्यासारखं काही उरलेलं नाही. म्हणून आता मी कातळशिल्पांचे, म्हणजे उघड्या कातळात कोरलेल्या जुन्या चित्रांचे, फोटो काढणार आहे.

तू शाळेत असताना कातळशिल्पांचं नाव इथे फारसं कुणी घेत नसे. गुराख्यांना ती ठाऊक होती, एवढंच. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी २०१२ पासून सडे, म्हणजे उघड्या कातळाची पठारं, पायाखाली घातले, गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांना विचारत फिरले, आणि एकेक करून शेकडो चित्रं समोर आली. हत्ती, वाघ, मासे, माणसं, आणि गेंडा! आज कोकणात गेंडा कुठे आहे? कुणी कोरला असेल, काय बघून कोरला असेल? काही आकृत्यांचा तर अर्थच लागत नाही. २०२२ मध्ये यांतल्या ९ जागा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेल्या. ७ आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या, एक सिंधुदुर्गात कुडोपीची आणि एक गोव्यात फणसमाळची.

कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे, आणि त्याच्या अंगात आणखी कितीतरी प्राणी कोरलेत. पण भर दुपारी त्याच्या पायाशी उभं राहिलीस तर तुला नुसता काळा खडबडीत कातळ दिसेल. ऊन डोक्यावर असलं की खाचा उजेडाने भरून जातात. तेच सूर्य नुकता वर आला की ऊन कातळाला घासत येतं. खाचेची एक कड उजळते, दुसरी काळी पडते, आणि सोंड, पाय, पाठीचा कणा सगळं उठून येतं. थोड्या वेळात पुन्हा सपाट. म्हणजे मी जन्मभर जी सावली पुसत होतो, तिच्यावाचून इथे चित्रच नाही.

गंमत म्हणजे स्टुडिओत शिकलेलं सगळं इथे कामाला येतंय. दिवे विकले, पण बॅटरीवर चालणारा एक फ्लॅश ठेवलाय. दिवस मावळला की तो लांब बाजूला, अगदी जमिनीलगत ठेवायचा. कॅमेरा उंच काठीवर बसवायचा आणि दिव्याची दिशा बदलत चित्राभोवती फिरायचं. एका दिशेने जी रेघ दिसत नाही ती दुसऱ्या दिशेने दिसते. दिवा आई धरते. माझ्या गुडघ्यांची तुला चिंता आहे ना, तर ती एकट्याला सोडतच नाही. शिवाय एकावर एक चढणारे फोटो ओळीने काढून संगणकावर खाचांच्या खोलीसकट आकार उभा करता येतो, ते मी सध्या शिकतोय.

लोक फोटोत नीट दिसावं म्हणून रेघांत खडू नाहीतर चुना भरतात. मला ते बघवत नाही. हा कातळ जांभ्याचा, जांभा सच्छिद्र दगड, आत गेलेलं सहजी निघत नाही. आपण मऊ केरसुणीने माती झाडतो, बस्स.

आणि घाई का, तर सडा म्हणजे लोकांच्या लेखी पडीक जागा. बहुतेक सडे खाजगी मालकीचे. कुठे जांभ्याचे चिरे काढायची खाण लागते, कुठे आंब्याच्या कलमांसाठी सुरुंग लावून खड्डे मारतात. मालकाला दोष कसा देऊ? आपलं घरही चिऱ्यांचंच आहे. उक्षीच्या हत्तीभोवती कठडा बांधलाय तसा प्रत्येक चित्राला मिळणार नाही. ज्यांना मिळणार नाही त्यांची निदान मापासकट, नीट उजेडातली नोंद राहावी, आणि ती मी करावी असं मला फार मनापासून वाटतं. यावर पोट भरणार नाही, हे जाणून आहे.

पडवी पुन्हा मोकळी करायची आहे. खिडक्यांवरचा काळा रंग खरवडायला घेतलाय. तुझ्या लहानपणीचा तो धबधब्याचा पडदा मी टाकलेला नाही, तुला हवा असेल तर कळव.

राहिल्या निगेटिव्ह. कपाटभर पाकिटं आहेत, पाकिटावर गाव आणि नाव. त्यांतल्या कितीतरी माणसांचा घरात दुसरा फोटो नसेल. गेल्या आठवड्यात शेजारच्या वाडीतल्या एका बाईंना त्यांच्या वडिलांची निगेटिव्ह नेऊन दिली. त्या उंबऱ्यातच उजेडाकडे धरून बघत राहिल्या, आत चला म्हणायचंही त्यांना सुचलं नाही. ही पाकिटं ज्याची त्याला पोचवायची असं मी ठरवलंय. देण्याआधी स्कॅन करून ठेवायच्या, कारण बऱ्याच ठिकाणी बुरशी धरलीय. इथल्या पावसात त्या टिकत नाहीत.

तेव्हा दोन कामं तुझ्याकडे. पुण्यात स्कॅनरची चौकशी कर, ३५ मिलिमीटर आणि १२० नंबरची रुंद, दोन्ही फिल्म घेणारा हवा, जुना असला तरी चालेल. आणि दिवाळीला येशील तेव्हा दोन दिवस जास्त काढून ये. कशेळीला पहाटे निघावं लागतं, बूट जाड तळव्याचे आण.

तुझा,
बाबा