टिकल्या

॥ श्री ॥

पुणे, वैशाख, रविवार दुपार

ती. बाबा आणि ती. आई यांस साष्टांग नमस्कार.

फोन रोज होतो, तरी पत्र लिहायला बसले आहे. फोनवर बाबा, तुम्ही "बरं आहे" एवढंच म्हणता आणि फोन आईच्या हातात देता. आईने परवा सगळं सांगितलं. मदतीला ठेवलेल्या मुलाला तुम्ही तीन दिवसांत परत पाठवलंत. न्हाणीत कुणाला हात धरू देत नाही. आणि रात्री आईला म्हणालात, "नुसतं बसून खातोय. देवाचंसुद्धा आता माझ्या हातून काही होत नाही."

हे ऐकल्यापासून मला चैन नाही. तुम्हाला चार शब्द सांगावेत एवढी मी मोठी नाही. पण गेली नऊ वर्षं या घरात एका कुत्रीकडून आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मांजरांकडून मी जे शिकले, ते तुम्हाला सांगितलं पाहिजे असं फार वाटतं. ते शिकायला लागणारे डोळे तुमच्याचकडून आले आहेत.

आधी दत्तजयंतीची गोष्ट. तुम्हाला सांगायची राहून गेली, कारण पुढच्याच महिन्यात तुम्ही पडलात आणि सगळंच मागे पडलं.

मार्गशीर्षातली पौर्णिमा. मी सकाळी लवकर उठून देवघर पुसलं, रांगोळी घातली, पूजेला बसले. चिंगी नेहमीसारखी आत यायला लागली. तिला अंघोळ घालून आठ दिवस झाले होते, आदल्या दिवशी मातीत लोळून आली होती. मी हड् हड् करून तिला बाहेर काढलं. ती पुन्हा आली. मी पुन्हा काढलं, जरा जोरातच ओरडले. मग ती उंबऱ्याच्या पलीकडे बसली, पुढचे दोन पंजे मात्र उंबऱ्यावर. मी तिकडे पाठ करून दत्ताच्या फोटोला गंध लावायला घेतलं. आधी मधल्या मुखाला, मग उजव्या, मग डाव्या, मग पावलांना, मग मागच्या गाईला. आणि मग आपोआप माझी अनामिका खाली गेली आणि चारही कुत्र्यांच्या कपाळांना एकेक टिकली लावून आली.

बाबा, हे मी कुठे शिकले? कोणत्या पूजाविधीत आहे हे? तुम्ही लावायचात. सहाणेवर उरलेलं गंध बोटाने निपटून तुम्ही त्या कुत्र्यांना टिकल्या लावायचात, आणि मी लहान असताना विचारलं तेव्हा म्हणाला होतात, "हे चार वेद आहेत बाळ, त्यांना विसरून कसं चालेल?" चाळीस वर्षं मी ते तसंच करत आले. आणि त्या दिवशी काचेवरच्या चार कुत्र्यांना टिकल्या लावताना पाचवीला मी मघाशीच हाकलून दिलं होतं.

मी मागे वळून बघितलं. ती तशीच बसलेली. कान मागे, डोळे माझ्याकडे. मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. असं वाटलं, दत्तगुरू फोटोतून माझ्याकडे बघून गालात हसताहेत. रागावलेले नाहीत, नुसते हसताहेत. तुम्ही कसे, मी पाढे चुकले की रागवायच्या ऐवजी मिशीत हसायचात, तसे. मी उठले, उरलेलं गंध तिच्या कपाळाला लावलं. तिने ते लगेच पंजाने पुसलं आणि पंजा चाटला.

देव विनोद करतो यावर माझा आता पक्का विश्वास आहे. आणि त्याच्या विनोदात कुणाचा अपमान नसतो.

दिवाळीत असंच झालं होतं. आमच्या सोसायटीचे वॉचमन नेपाळचे आहेत. नरकचतुर्दशीला सकाळी अभ्यंगस्नान आटोपून मी फराळाचं ताट द्यायला खाली गेले, तर चिंगी गेटपाशी झेंडूची माळ घालून बसलेली, कपाळाला लाल टिळा. त्यांनी सांगितलं, आमच्याकडे आज कुकुर तिहार. आदल्या दिवशी कावळ्याचा, आज कुत्र्याचा, मग गाईचा. कुत्रा यमाच्या दारचा, म्हणून वर्षातून एक दिवस त्याला माळ घालायची, गोडधोड द्यायचं. मला एकदम आपलं अंगण आठवलं. जेवायला बसायच्या आधी तुम्ही कावळ्याचा घास ठेवायचात, गोठ्यात गोग्रास जायचा, आणि आई वसुबारसेला गाय-वासराला ओवाळायची. कुठे नेपाळ, कुठे आपलं संगमेश्वर. आई, त्या वॉचमननी तुझ्या करंज्यांची फार तारीफ केली, तेही सांगायचं राहिलं होतं.

आता गोळ्यांचं सांगते. चिंगी आता बारा वर्षांची असेल. आमच्याकडे आली तेव्हा डॉक्टरांनी दात बघून तीन वर्षं सांगितली होती. तिच्या डाव्या कानाला खाच आहे, म्हणजे आमच्याकडे येण्याआधीच कुणीतरी तिला नेऊन नसबंदी करून पुन्हा रस्त्यावर सोडलं होतं. आता तिच्या मागच्या पायांचे सांधे गेले आहेत. रोज एक गोळी द्यायची असते. (माणसांच्या अंगदुखीच्या गोळ्या कुत्र्यांना विषासारख्या असतात, आई. वाडीत कुणी दया येऊन देत असेल तर नक्की थांबव.) मी ती गोळी केळ्याच्या फोडीत घालून देते. ती फोड खाते, नीट चावते, शेपूट हलवते, आणि मग ओठाच्या कोपऱ्यातून ती पांढरी गोळी अलगद फरशीवर ठेवते. स्वच्छ. जणू प्रसादातलं बी. पुन्हा नवी फोड, पुन्हा तीच गोळी. तीन-चार फोडी होतात तेव्हा कुठे गोळी पोटात जाते.

एके दिवशी तिच्यासमोर फरशीवर बसून मी विचार करत होते, की देवही आपल्याशी हेच करत असेल. किती वेळा गोडात घालून काहीतरी कडू देतो, आपण गोड तेवढं खातो आणि उरलेलं बाजूला ठेवतो. आणि तो न कंटाळता दुसरी फोड कापायला घेतो. बाबा, तुमची ब्लडप्रेशरची गोळी ताटाखाली सापडली म्हणून आई सांगत होती.

नामदेवांची गोष्ट तुम्ही ओटीवर किती वेळा सांगितलीत. कुत्रा भाकरी घेऊन पळाला आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, अरे कोरडी खाऊ नकोस, थांब. आम्ही पोरं हसायचो. आता एवढी वर्षं कुत्रा पाळल्यावर मला त्यातली वेगळीच गंमत कळली. मागून माणूस धावत आला तर कुत्रा थांबत नाही, जास्त जोरात पळतो. म्हणजे पुढे विठ्ठल भाकरी तोंडात धरून जिवाच्या आकांताने पळतोय आणि मागे भक्त वाटी सांभाळत धावतोय. कीर्तनात नेहमी ऐकतो, देव भक्तामागे धावला. इथे तो भक्तापुढे पळाला, आणि तूप वाढून घ्यायला शेवटी थांबलाही असेल. देवालाही कुणाच्या हातून वाढून घ्यावं लागतं, बाबा.

ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते आता लिहिते.

माघापासून चिंगीला जिना उतरता येत नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पहिले दोन दिवस मी तिला उचलून नेलं, पण बावीस किलोचं जनावर, माझी पाठ धरली. मग डॉक्टरांनी सांगितलं, पोटाखालून रुंद कापड घ्या, दोन्ही टोकं वर धरा, मागचं धड तेवढं उचला, पुढच्या पायांनी ती चालेल. मी कपाट उघडलं. आई, तू गोधडीसाठी दिलेली तुझी ती हिरवी सुती साडी होती, बारीक चौकड्यांची. गोधडी काही शिवून झाली नव्हती. ती चौपदरी केली आणि चिंगीच्या पोटाखालून घेतली.

आता सकाळ-संध्याकाळ आम्ही अशीच खाली जातो. पुढचे पाय तिचे, मागचे पाय तुझ्या साडीचे. ओंकार असला तर तो टोकं धरतो. आणि बाबा, मला तुम्हाला तिचा चेहरा दाखवायचा आहे. ती खाली मान घालून जात नाही. प्रत्येक वळणावर थांबते, पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या दाराचा वास घेते, कुणी भेटलं तर साडीत लटकल्या लटकल्या शेपूट हलवते. खाली गेलं की पेरूच्या झाडापाशी मी तिला तशीच धरून उभी राहते, ती आपलं उरकते, आणि मग मान वर करून वारा हुंगते. पूर्वी ती याच गेटपासून कोपऱ्यापर्यंत वाऱ्यासारखी धावायची. त्याचं दुःख तिच्या तोंडावर मला कधीच दिसलं नाही. आपलं ओझं कुणाला होतंय असं तिला वाटतच नाही. आणि खरं सांगते, मला ते ओझं कधी झालंच नाही. सकाळची ती दहा मिनिटं म्हणजे माझी पूजा झाली आहे. मी दोन्ही हातांनी टोकं धरलेली असतात, फोन घेता येत नाही, घाई करता येत नाही, तिच्या पावलाने चालावं लागतं.

तुम्हाला आठवतं, सप्ताहात एका बुवांनी मर्कटन्याय आणि मार्जारन्याय सांगितला होता? मी आठवी-नववीत असेन. माकडाचं पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून असतं, सुटलं तर पडलं. मांजरीचं पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. रामानुजाचार्यांच्या परंपरेत पुढे वडगलै आणि तेंगलै असे दोन पंथ झाले, त्यांच्यातल्या फरकासाठी हाच दाखला देतात, असं बुवा म्हणाले होते. घरी येताना तुम्ही म्हणालात, "आपण माकडाचे. धरून राहायचं, हात सोडायचा नाही." आणि तुम्ही तसेच राहिलात. पंचेचाळीस वर्षं रोजची पूजा, तापातही चुकली नाही.

गेल्या श्रावणात रात्री दोन वाजता पावसाचा आवाज आला म्हणून उठले, खिडकीतून बघितलं तर पार्किंगमध्ये पाणी शिरत होतं. जुन्या स्कूटरच्या कव्हरखाली मांजरीची चार पिल्लं होती, नुकतेच डोळे उघडलेली. ती एकेकाला मानेला धरून जिन्याखाली नेत होती. मानेला धरलं की पिल्लू एकदम सैल पडतं, पाय पोटाशी घेतं, ओरडणंही थांबवतं. हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. आणि ते सैल पडतं म्हणूनच तिला त्याला पाण्यातून नेता येतं. वळवळलं असतं तर दोघंही बुडाली असती. चार फेऱ्या झाल्या. पाचव्यांदा ती पुन्हा रिकाम्या जागी आली, कव्हरखाली डोकं घालून बघितलं, कुणी राहिलं नाही ना, आणि मग गेली. मी खिडकीत उभी राहून रडत होते, का ते तेव्हा कळलं नाही. आता कळतं.

बाबा, तुम्ही आयुष्यभर घट्ट धरलंत. आम्हाला धरलंत, आजीला तिच्या शेवटच्या तीन वर्षांत धरलंत. तिला तुम्ही न्हाणीत कसं नेत होतात ते मी पाहिलं आहे. तेव्हा ती तुम्हाला ओझं वाटली होती का? आता खुब्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी मांडी घालू नका म्हणून सांगितलं, पाटावर बसता येत नाही, म्हणून देवाचं होत नाही असं का म्हणता? तुमची धरायची पाळी झाली. आता थोडे दिवस सैल पडा. मानेला धरणारा तोच आहे. त्या मुलाच्या हाताने धरेल, आईच्या हाताने धरेल, माझ्याही.

त्या मुलाला मी काल फोन केला. तो सोमवारपासून पुन्हा येणार आहे. तो रागावलेला नाही, उलट विचारत होता, आजोबांना ताक आवडतं का म्हणून. त्याला न्हाणीच्या दाराशी थांबवू नका, आत येऊ द्या. गोळी ताटाखाली ठेवू नका.

आणि मी येते आहे. ओंकारची परीक्षा संपली, मला घरून काम करायची परवानगी मिळाली. पावसाच्या आधी महिनाभर राहीन. चिंगीला गाडीत घेऊन येईन, मागच्या सीटवर गोधड्या घालून. आई, तुला कुत्रं घरात चालत नाही ते मला माहीत आहे, तिची जागा पडवीत करू. फक्त सकाळी तिला साडीत धरून अंगणात नेईन तेव्हा बाबांनीही वॉकर घेऊन बरोबर यायचं, फणसापर्यंत. तिचं आणि तुमचं पाऊल आता साधारण एकाच वेगाचं आहे.

एक काम तेवढं मी यायच्या आधी करून घ्या. दादाला सांगून देवघरातला दत्ताचा फोटो खाली घ्या, भिंतीला खुर्चीत बसून हात पोचेल एवढ्या उंचीवर लावा. सहाण आणि खोड स्टुलावर ठेवता येईल. गंध तुम्हीच उगाळा, आईने नाही. आणि जरा जास्त उगाळा. या खेपेला टिकल्या पाच लागतील.

ओंकारचा आणि अभयचा तुम्हा दोघांना नमस्कार.

तुमची,
स्मिता