निशिझाकाच्या टेकडीवरून

प्रिय आई-बाबा,

काल संध्याकाळी एकदाची निशिझाकाच्या टेकडीवर जाऊन आले. नागासाकी स्टेशनपासून थोडाच चढ आहे. बाबा, मधेमधे टेकत तुम्हालाही जमला असता.

लांब दगडी भिंतीवर सव्वीस ख्रिस्ती हुतात्म्यांचे ब्राँझचे पुतळे एका ओळीत आहेत. पावलं जमिनीला टेकलेली नाहीत, खाली लोंबतात. त्या पावलांवरून माझी नजर हलेना. वसईत गासच्या देवळात आपण संत गोन्सालोला एकट्यालाच बघत आलो, म्हणून मी इथेही त्या एकट्यालाच शोधत होते. पण तो रांगेत उभा आहे. सहा फ्रान्सिस्कन संन्यासी, बाकी वीस जण जपानी. त्यात तीन मुलं. सगळ्यात लहान लुईस बारा वर्षांचा, म्हणजे आपल्या बंटीएवढाच गं आई. त्याचा पुतळा इतका बुटका आहे की पोटात कालवलं.

क्योतोमध्ये त्यांच्यातल्या चोवीस जणांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला (दोघं पुढे वाटेत त्यांच्यात आले) आणि ऐन थंडीत, महिनाभर, इथपर्यंत चालवत आणलं. ५ फेब्रुवारी १५९७ ला याच टेकडीवर क्रूसावर चढवलं. मी जाड कोट घालून उभी होते, तरी वाऱ्याने बोटं बधिर झाली होती.

गोन्सालो वसई सोडून आला तेव्हा पंधराएक वर्षांचा होता. जपानी इतकी चांगली शिकला की पुढे फ्रान्सिस्कनांचा दुभाषा झाला. मला चार वर्षांत दुकानदाराशी धड बोलता येत नाही, तेव्हा त्याने यासाठी काय कष्ट घेतले असतील ते मला कळतं. सांगतात की टेकडीवर पोचताच तो एका क्रूसापाशी गेला आणि विचारलं, "हा माझा का?" दुसरा दाखवला, तसा गुडघे टेकून त्याला मिठी मारली. चाळिशीचा माणूस, घरापासून इतका लांब.

आजूबाजूला कुणी नव्हतं. मी मोठ्याने, मराठीतून 'नमो मारिया' म्हटलं. त्याच्या कानावर आपली भाषा पडावी, एवढंच मनात होतं.

फोटो पाठवतेय. बाबा, फेब्रुवारीत सणाला गासला जाल तेव्हा त्याच्यापुढे मेणबत्ती लावालच. या वेळी बाकीच्या पंचवीस जणांसाठीही लावा. आणि आई, लुईसची तू लाव.

तुमची,
बाय