काजव्यांसाठी वीसची प्राइम

प्रिय संज्या,

तुझं पत्र मिळालं. सोनीची २० मिलिमीटर एफ १.८ प्राइम लेन्स (म्हणजे झूम न होणारी) घ्यावी की १६-३५ एफ ४ पॉवर झूम, हा निर्णय तू माझ्यावर सोपवलास. एफचा आकडा जितका लहान, तितका लेन्समधून उजेड जास्त, हे लक्षात ठेव. दोन्हींचे पैसे एकदम निघणार नाहीत हे कळतंय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी वजनाचं. प्राइम हलकी असते म्हणून घे, असं तुला कुणीतरी सांगितलंय. या जोडीत ते लागू नाही. प्राइम ३७३ ग्रॅम, झूम ३५३. सॅक तेवढीच जड राहणार.

‘प्राइम घ्या आणि पायांनी झूम करा’ हेही वाईड, म्हणजे रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्सच्या बाबतीत मला पटत नाही. समोरच्या दगडाकडे दोन पावलं गेलास की दगड फ्रेमभर होतो, मागचा डोंगर मात्र होता तेवढाच राहतो. म्हणजे चित्रच वेगळं झालं. आणि हरिश्चंद्रगडावर कोकणकड्यापाशी पावलं टाकणार कुठे? पुढे दरी आहे. तिथे १६ वर कर्णात १०७ अंश दिसतात, २० वर ९४. कड्याचा बाक फ्रेममध्ये बसवताना हे तेरा अंश फार मोलाचे असतात. त्यात श्रावणातला वारा आणि भुरभुर, लेन्स बदलायला कॅमेरा उघडावासा वाटत नाही. सोबतच्या मंडळींचा फोटो काढायचा तर झूम ३५ वर नेता येते. २० वर कडेला उभ्या असलेल्यांचे चेहरे ताणले जातात, ते कुणालाच आवडत नाही. दिवसाच डोंगर हिंडणारा असतास तर मी झूमच सांगितली असती. एफ ८ वर दोन्हींच्या तीक्ष्णतेत फरक शोधत बसण्यात अर्थ नाही.

पण तू पाठवलेले फोटो मी पुन्हा पाहिले. पुरुषवाडीचे काजवे, भंडारदऱ्याच्या पाण्यावरची आकाशगंगा, देवळातल्या समईच्या उजेडातली आजी. तुझा जीव अंधारात रमतो, संज्या. आणि अंधारातही दोन प्रकार आहेत. स्थिर डोंगर असेल तर कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवायचा, शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं, एफ ४ वरही काम होतं. तारे तेवढी सवड देत नाहीत. ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरने भागायचं, म्हणजे ५०० भागिले २०, या ढोबळ हिशोबाने पंचवीस सेकंद मिळतात, आणि आजच्या बारीक पिक्सेलच्या सेन्सरवर पंधरानंतरच ठिपक्यांच्या रेघा दिसू लागतात. एफ १.८ मधून एफ ४ च्या जवळजवळ पाचपट उजेड येतो. म्हणजे प्राइमवर आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० ला जे जमेल, त्यासाठी झूमवर १६००० लागेल, आणि आयएसओ वाढला की फोटो दाणेदार होतो.

काजव्यांचं तर याहून पक्कं आहे. काजवा क्षणभर लुकलुकतो आणि विझतो. शटर दहा सेकंद उघडं ठेव नाहीतर तीस, त्या एका लुकलुकीचा ठिपका तेवढाच उजळ राहतो, फक्त ठिपके वाढतात. ठिपका उजळ हवा असेल तर अपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं भोक, मोठं हवं किंवा आयएसओ वाढवायला हवा, तिसरा मार्ग नाही. म्हणून मग एकाच जागेवरून बरेच फोटो घेऊन ते एकावर एक रचायचे, आणि झाडाचा आकार संधिप्रकाशातच टिपून ठेवायचा. आजीसुद्धा समईपुढे निश्चल बसून राहणार नाही.

तेव्हा वीसची प्राइम घे. ती एकोणीस सेंटीमीटरवरूनही फोकस करते, त्यामुळे कासला वाटेवरूनच वाकून एखादं फूल आणि त्यामागचं अख्खं पठार एका चौकटीत घेता येईल. याचा तुला फार आनंद होईल असं वाटतं.

दुकानातच विटांची भिंत किंवा छापील कागद समोर धरून एफ १.८ वर एक फोटो काढ आणि चारही कोपरे मोठे करून बघ. एकच कोपरा धूसर दिसला तर दुसरा नग माग. गडावर जाशील तेव्हा माझी १६-३५ घेऊन जा, ती इथे कपाटातच असते. आणि काजव्यांना पाऊस सुरू व्हायच्या आत, अमावास्येच्या आसपास निघू. तारीख तू कळव, रजा मी काढतो.

तुझा,
विन्या