ड्रेसर भाऊ, तुम्ही सलाईन कोमट केलं

ड्रेसर भाऊ,
नमस्कार.

आमच्या गावठी कुत्रीची पिल्लं जगली. सगळी नाही जगली, पण ज्यांना तुमचा हात लागला त्यातली बहुतेक जगली. हे लिहिताना अजूनही गळा दाटतो. तुम्ही जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर; तुमचं नाव इथे घालत नाही, ते तुम्हाला आवडणार नाही. पण आभार चारचौघांतच मानायचे होते. तुमच्या आधी ज्यांनी दारातूनच वाटेला लावलं, त्यांच्याही कानावर हे जाऊ द्या.

पार्वो हा पिल्लांचा विषाणूचा आजार कसा असतो हे गावात बहुतेकांनी पाहिलेलं असतं, फक्त नाव माहीत नसतं. काल खेळणारं पिल्लू आज कोपऱ्यात बसतं, खात नाही, ओकतं, आणि मग रक्ताचे जुलाब. त्यांचा वास एकदा घेतला की विसरत नाही. विषाणूवर थेट मारा करणारं औषध सहसा हाताशी नसतं. आतडी सावरेपर्यंत पिल्लाच्या अंगातलं पाणी टिकवायचं आणि त्याला गार पडू द्यायचं नाही, सारी लढाई एवढीच. तुम्ही ती ज्या रीतीने लढलात त्यासाठी हे पत्र.

ऐन पौषातली थंडी होती. मोठ्या डॉक्टरांना फोनवर विचारून तुम्ही रिंगर लॅक्टेट या सलाईनची बाटली काढलीत, पण टोचायची घाई केली नाही. चुलीवरच्या पाण्याचा गंज, म्हणजे पातेलं, मागून घेतलात, बाटली त्यात उभी धरलीत, हलवलीत, आणि मनगटाच्या आतल्या बाजूला दोन थेंब टाकून पाहिलेत. गार लागलं म्हणून बाटली पुन्हा गंजात. पुन्हा मनगट. मग कुठे पहिल्या पिल्लाच्या खांद्यामागची कातडी चिमटीत उचललीत. सुई गेली तरी ते ओरडलं नाही.

बघणाऱ्याला यात काही वाटणार नाही. पण निरोगी पिल्लाचं अंग १०१ फॅरनहाइटच्या आसपास असतं, आणि दीड किलोच्या आजारी जिवात थंडीने गारठलेलं सलाईन सोडलं तर उरलीसुरली ऊब ते पाणी तापवण्यातच जाते. सलाईन देऊनही पिल्लं का दगावतात, याचं एक उत्तर त्या गंजात होतं. सगळं पाणी एकाच जागी न देता थोडं थोडं दोन-तीन जागी वाटायचं, कातडीखाली उंचवटा येतो तो काही तासांत जिरतो, घाबरायचं नाही, हेही तुम्ही हळू आवाजात सांगत होतात. आणि पार गार पडलेल्या पिल्लात असं पाणी जिरतच नाही, त्याची शीर धरावी लागते. अशाला तुम्ही टोपल्यात गरम बाटलीजवळ ठेवून लगेच तालुक्याला पाठवलंत.

आता आधीच्यांबद्दल. एका ठिकाणी ऐकवलं गेलं, "गावठी कुत्रीची पिल्लं, यांच्यावर कशाला पैसा घालता?" दुसरीकडे वजन न करता, हात न लावता, माणसाची जुलाब थांबवायची गोळी अर्धी करून दिली. जुलाब दाबले म्हणजे आतडं बरं झालं असं नसतं, घाण आतच राहते. आणि सर्वांत जास्त राग येतो तो "चाळीस दिवसांचं झालं की एक इंजेक्शन, काम संपलं" या सल्ल्याचा. पिल्लाला आईच्या चिकातून ताकद मिळते. ती कुणात सहाव्या आठवड्यात उतरते, कुणात तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत टिकते, आणि टिकून असते तोवर लसही निकामी करते. म्हणून पहिली लस ६ ते ८ आठवड्यांना, मग दर ३-४ आठवड्यांनी, १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत. रेबीजची वेगळी, तीन महिने पूर्ण झाल्यावर. त्यातही लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये राहायला हवी. शर्टाच्या खिशातून मोटारसायकलवर आलेली लस टोचली काय अन् न टोचली काय. तुम्ही बर्फाचा डबा सोबत आणलात.

किराण्याच्या काट्यावर एकेक पिल्लू ठेवून, वजन लिहून, मगच तुम्ही औषध मोजलंत. जंताच्या औषधाचंही तेच. आईकडून जंत पोटातच येतात, म्हणून दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या आठवड्यात डोस, आणि दर वेळी नवं वजन. ढोरांच्या गोचिडाचं औषध पिल्लांना फासू नका, हे तुम्ही तिथे जमलेल्या प्रत्येकाला बजावलंत. त्याने पिल्लू लाळ गाळतं, थरथरतं, मरतं. कोवळ्या पिल्लाच्या गोचिड्या चिमट्यानेच काढायच्या.

आपल्याकडच्या गावठी कुत्र्या बहुतेक भाद्रपदाच्या सुमारास माजावर येतात, साधारण ६३ दिवसांनी वितात, म्हणजे पिल्लं नेमकी थंडीत पडतात, कुठे कवेलूच्या पडवीत, कुठे पऱ्हाट्यांच्या ढिगाखाली. पहिले दोन आठवडे पिल्लाला स्वतःची ऊब राखता येत नाही. लोक कळवळून गार पडलेल्या पिल्लाला आधी दूध पाजतात. अंग ९४ फॅरनहाइटच्या खाली असेल तर आतडं हलत नाही, दूध तसंच राहतं. आधी ऊब, तीही हळूहळू, आणि टोपल्याची एकच बाजू गरम, म्हणजे नको झालं तर पिल्लाला सरकता येतं. पाजायचं ते पालथं ठेवून, माणसाच्या लेकरासारखं उताणं नाही, नाहीतर दूध फुप्फुसात. गाईच्या दुधात प्रथिनं आणि चरबी कुत्रीच्या दुधाच्या निम्म्याहूनही कमी, आणि आपण त्यात वर पाणी घालतो!

अंगणाबद्दलचा तुमचा सल्लाही पाळतो आहोत. पार्वोचा विषाणू फिनाईलने मरत नाही. घाण धुऊन काढायची, मग एक भाग ब्लीच ३० भाग पाण्यात घालून जागा दहा मिनिटं ओली ठेवायची. पण हे फरशीवर चालतं, शेणाने सारवलेल्या जमिनीवर नाही. तिथे विषाणू वर्षभरही टिकू शकतो. त्या अंगणात नवं, लस न झालेलं पिल्लू आणायचंच नाही.

घरं शोधणं हे सलाईनपेक्षा अवघड निघालं, ते तुम्हालाही माहीत आहे. सगळ्यांना नर हवा, आणि लगेच हवा, रोही (नीलगाई) अन् रानडुकरं हाकलायला. २०१७ च्या केंद्राच्या नियमांनुसार ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताही येत नाही, मग फुकट तरी का द्यावं? आईजवळ आणि भावंडांत राहिलेलं पिल्लू चावा कुठे थांबवायचा ते शिकतं. महिन्याच्या पिल्लाला शेतातल्या मांडवात एकटं बांधून जागलीला ठेवणाऱ्याला तुम्ही तोंडावर नाही म्हणालात. टिपेश्वर काय, ताडोबा काय, जंगलाकाठच्या गावांत बिबट्याला कुत्र्यासारखी सोपी शिकार नाही. "पोट्टं तरी असं ठेवाल का शेतात?" हा तुमचा प्रश्न गावात अजून फिरतो आहे. तोच माणूस पुढे येऊन मादी घेऊन गेला, आणि ती घरातल्यांच्या मागेमागे असते.

पद मोठं असलं की माणूस कामाचा, असं आपण धरून चालतो. तुमच्या पाटीवर मोठं काही लिहिलेलं नाही. पण ज्याच्यासाठी कुणी पैसे देणार नाही, तक्रार करणार नाही, अशा जिवासाठी बाटली दोनदा गंजात ठेवणारी माणसं आमच्या तालुक्यात आहेत, याचा आम्हाला अभिमान वाटतो.

माद्या ज्येष्ठात सहा महिन्यांच्या होतील. भाद्रपदाच्या आत त्यांची नसबंदी करून घ्यायची आहे, ज्यांनी त्या नेल्या त्या सगळ्यांनी कबूल केलं आहे. टाके काढायला तुम्हालाच बोलावणार. त्या दिवशी जेवूनच जायचं, मागच्यासारखं अर्धा कप चहावर निघायचं नाही.

आपले,
पिल्लं सांभाळणारे गावकरी