बिडाच्या ठोकळ्यात साठवलेले ऊन

सांगली,
दि. 3 फेब्रुवारी 2025

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

तुझे पत्र आणि सोबतचा आराखडा गेल्या आठवड्यात मिळाला. उत्तराला उशीर झाला, कारण तुझे सगळे आकडे मी दोनदा स्वतः मांडून पाहिले आणि त्यानंतरच लिहायला बसलो. दहिवडीच्या माळावर दिवसभराच्या उन्हाची उष्णता साठवून संध्याकाळनंतर तिच्यावर लहानसे जनित्र चालवायचे, ही तुझी कल्पना मला मनापासून पटली आहे. म्हणूनच जे खटकले तेही स्पष्ट लिहितो.

आराखड्यात तू सुरुवात इंजिनापासून केली आहेस. एक किलोवॅटचे इंजिन धरलेस, त्यावरून उष्णता काढलीस, उष्णतेवरून आरसे काढलेस आणि राहिलेल्या जागेत रिसीव्हर, म्हणजे एकवटलेले ऊन झेलणारी पोकळी, बसवलास. माझे म्हणणे असे आहे की हिशेब रिसीव्हरच्या तोंडापासून सुरू करावा, कारण लहान प्रकल्पात फायदा-तोटा तिथेच ठरतो. तू 16 चौरस मीटरची शेफलर तबकडी, म्हणजे सूर्यामागे फिरत ऊन एकाच स्थिर जागी (नाभीत) एकवटणारी आरशांची तबकडी, धरली आहेस. ती सूर्यासमोर तिरकी असल्यामुळे तिचे उपयोगी क्षेत्र ऋतूप्रमाणे बदलते. ते सरासरी 11 चौरस मीटर धरू. स्वच्छ दिवशी थेट ऊन दर चौरस मीटरला 800 वॉट आणि आरशाचे परावर्तन 85 टक्के धरले, तर साधारण साडेसात किलोवॅट उष्णता नाभीकडे जाते. कडेची किरणे चुकतात ती वजा करता तोंडात साडेसहा शिरते. इथवर तुझा हिशेब आणि माझा हिशेब जुळतो.

पुढे मात्र तू रिसीव्हर 600 अंशांपर्यंत तापवायचा म्हणतोस, आणि तोंड 40 सेंटिमीटर व्यासाचे ठेवतोस. तापलेल्या पोकळीचे तोंड हे उष्णता बाहेर फेकणारे भोकच असते, आणि ते किती फेकते हे तोंडाच्या क्षेत्रावर आणि निरपेक्ष (केल्विनमधल्या) तापमानाच्या चौथ्या घातावर ठरते. 400 अंश सेल्सिअसला दर चौरस मीटरमागे साडेअकरा किलोवॅटच्या आसपास उत्सर्जन होते. 600 अंशांना ते 33 किलोवॅटपर्यंत जाते. तुझ्या तोंडाचे क्षेत्र जवळजवळ अष्टमांश चौरस मीटर भरते. म्हणजे 400 अंशांवर सुमारे दीड किलोवॅट परत जाणार आणि 600 अंशांवर चार किलोवॅटहून अधिक. साडेसहा आत आले आणि चार बाहेर गेले, तर उरलेल्या अडीचावर इंजिन कितीही चांगले बसवले तरी काय उपयोग? त्यापेक्षा तापमान 400 वर थांबव आणि तोंड 30 सेंटिमीटरवर आण. तोटा एकदम 800 वॉटच्या आसपास येतो.

अर्थात तोंड लहान करायचे तर नाभीतला उजेडाचा ठिपकाही लहान हवा, आणि ते काम आरशांचे आहे. मी इथे एका पत्र्याला चुना फासून तो माझ्या तबकडीच्या नाभीत धरला होता. सकाळी दहाला ठिपका भाकरीएवढा, जवळजवळ गोल होता. दुपारनंतर तो लांबट होत गेला आणि त्याची एक बाजू पत्र्याच्या कडेवरून सांडू लागली. प्रत्येक आरसा वेगळा झाकून पाहिल्यावर कळले की खालच्या ओळीतले चार आरसे किंचित फिरले आहेत. तुझ्या तबकडीचा मुख्य आस पृथ्वीच्या आसाला समांतर, म्हणजे तुझ्या गावी आडव्या रेषेपासून सुमारे साडेसतरा अंशांवर, नेमका बसला पाहिजे. शिवाय ऋतूप्रमाणे तबकडीचा बाक थोडा बदलावा लागतो, हे विसरू नकोस. पत्र्याची ही साधी परीक्षा होईपर्यंत रिसीव्हरचे माप कोणालाही देऊ नकोस. काळा चष्मा लावल्याशिवाय ठिपक्याकडे पाहू नये, हेही आवर्जून सांगतो.

आता साठवणुकीचे. माझा कल पहिल्यापासून बिडाकडे, म्हणजे ओतीव लोखंडाकडे, आहे. आपल्या घरातला बिडाचा तवा चुलीवरून उतरवल्यावरही पुढची दोन घावने सहज निघतात, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. हाच गुण इथे मोठ्या प्रमाणावर वापरायचा आहे. राजस्थानात अबू रोडजवळ 'इंडिया वन' या 1 मेगावॅटच्या प्रकल्पात 60 चौरस मीटरच्या 770 तबकड्या आहेत आणि प्रत्येकीच्या नाभीत बिडाचा पोकळ रिसीव्हर बसवलेला आहे. उष्णता तिथेच, त्या धातूत साठते आणि सूर्य मावळल्यावर तिच्यावर वाफ करून टर्बाइन चालवता येते. उष्णता एकीकडे गोळा करायची आणि पंपाने दुसरीकडच्या टाकीत न्यायची, हा खटाटोपच त्यात नाही, आणि तुझ्यासारख्या एकट्या माणसाने चालवायच्या यंत्रात ही फार मोठी सोय आहे.

तू वितळलेल्या क्षारांत उष्णता साठवण्याचा विचार केला आहेस, त्यामागचे कारण मला समजते. 60 टक्के सोडियम नायट्रेट आणि 40 टक्के पोटॅशियम नायट्रेट यांचे मिश्रण वजनाच्या मानाने बिडाच्या तिप्पट उष्णता धरते. स्पेनमधल्या जेमासोलर प्रकल्पात 2011 पासून त्याच्यावर 15 तासांची साठवण आहे. पण तो प्रकल्प जवळजवळ 20 मेगावॅटचा आहे आणि तिथे चोवीस तास माणसे हजर असतात. हे मिश्रण 220 ते 240 अंशांच्या दरम्यान गोठते. माणदेशातल्या थंडीच्या रात्री तुझा पंप एकदा बंद पडला की नळ्यांत दगड झालेला क्षार काढणे हे एकट्याच्या हाताचे काम नाही.

मग सह्याद्रीचा काळा दगड का नको, हा तुझा प्रश्न मला विशेष आवडला, कारण तो फुकट मिळतो आणि वजनाच्या मानाने बिडापेक्षा पुष्कळ अधिक उष्णता धरतो. अडचण उष्णता आत जाण्याची आहे. पोकळीच्या भिंतीवर दर चौरस मीटरला 12 किलोवॅट उष्णता पडते असे धर. 10 सेंटिमीटर जाडीच्या बिडातून तेवढी उष्णता पलीकडे जायला 27 अंशांचा फरक पुरतो. तेवढ्याच जाडीच्या बेसाल्टला 600 अंशांचा फरक लागेल. म्हणजे दगडाचा पुढचा भाग भाजून तडकेल आणि मागचा कोमटच राहील. दगड वापरायचा तर गोट्यांच्या थरातून गरम हवा फिरवावी लागेल, म्हणजे पंखा आला, हवेचे नळ आले. शिवाय आपल्याकडच्या दगडात जिथे पांढऱ्या खनिजांनी भरलेल्या पोकळ्या असतात, तो तापवला की त्यातले पाणी सुटते आणि दगड फुटतो. घट्ट, एकजिनसी दगडच निवडावा लागेल. मोठ्या साठवणीला हा मार्ग चांगला आहे; तुझ्या एका तबकडीसाठी मी तो सुचवणार नाही.

बिडाचा हिशेब असा. एक टन बीड 200 अंशांवरून 400 वर नेले तर त्यात सुमारे 28 किलोवॅट-तास उष्णता मावते. तबकडीकडून निव्वळ पाच किलोवॅट, सहा तास, म्हणजे 30. दोन्ही आकडे छान जुळतात. एक टनाचा घन ठोकळा जेमतेम 52 सेंटिमीटर बाजूचा होतो, तोंडाची पोकळी धरून थोडा मोठा. त्याच्याभोवती 20 सेंटिमीटर सिरॅमिक वूल (उष्णता अडवणारी, कापसासारखी तंतूंची गादी) गुंडाळले तर भिंतींतून सरासरी पाव किलोवॅट जाईल, रात्रीच्या 14 तासांत साडेतीन किलोवॅट-तास. आता याच्याशी तोंडाची तुलना कर. 30 सेंटिमीटरचे तोंड रात्री उघडे राहिले तर सुरुवातीला एकट्या त्यातूनच भिंतींच्या तिप्पट उष्णता जाते. म्हणून दार हवेच. सूर्य ढगाआड गेला किंवा मावळला की आपल्या वजनाने बंद होणारे आणि आतून वूल भरलेले दार तू आराखड्यात कुठेच दाखवलेले नाहीस, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटली. तोंड शक्य तितके खाली झुकते ठेव, म्हणजे उपड्या घागरीत हवा अडकून राहते तशी गरम हवा पोकळीत टिकून राहील.

ठोकळ्यात वाफेची नळी कशी बसवायची, हे मात्र माझे नुकसान झाल्यावर कळले आहे. पहिल्या ठोकळ्यात मी गंजू नये म्हणून स्टेनलेस स्टीलची नळी ओतून घेतली होती. सुरुवातीचे काही दिवस वाफ उत्तम मिळाली, मग ती दिवसागणिक मंदावत गेली. ठोकळा 380 अंशांवर आणि बाहेर येणारी वाफ मात्र ओली, असे दिसू लागल्यावर मी तो कापून पाहिला. नळी आणि बीड यांच्यामध्ये नखाएवढी फट पडली होती. स्टेनलेस बिडापेक्षा दीडपट प्रसरण पावते. तापताना ते दाबले गेले, निवताना आकसले आणि प्रत्येक फेरीत फट वाढली. तू साध्या कार्बन स्टीलची, जाड पत्र्याची, जोड नसलेली नळी घे. तिचे प्रसरण बिडाच्या जवळ आहे. ओतण्यापूर्वी ती आतून कोरड्या वाळूने घट्ट भरावी, बाहेरून गंज खरवडून काढावा आणि तापवून घ्यावी, नाहीतर ओलीमुळे ओतिवात बुडबुडे धरतात. नळीत एका वेळी पाणी थोडेच राहील अशी रचना ठेव आणि वाफेच्या दाबाविषयीचे नियम बाष्पक निरीक्षकांकडून आधीच समजून घे. राखाडी बीड 450 अंशांच्या वर वारंवार तापवले तर हळूहळू फुगते आणि ठिसूळ होते. 400 ची मर्यादा पाळण्याचे हे दुसरे कारण आहे.

आता विजेविषयी, आणि इथे तुला थोडे निराश करणे भाग आहे. रात्रीची गळती वजा करता ठोकळ्यातून 24 किलोवॅट-तास उष्णता मिळेल. एवढ्या लहान वाफेच्या इंजिनाची कार्यक्षमता 12 टक्के धरली, आणि तीही मी उदारपणे धरतो आहे, तर वीज तीन युनिटच्या आत. एक अश्वशक्तीची मोटार साडेतीन-चार तास. एवढी वीज छतावरच्या फोटोव्होल्टाइक (उजेडापासून थेट वीज करणाऱ्या) पत्र्यांतून आणि बॅटरीतून आज निश्चित स्वस्त मिळते. शिवाय पावसाळ्याच्या ढगाळ दिवसांत ते पत्रे पसरट उजेडावरही काहीतरी देतात, तर आपली तबकडी जून ते सप्टेंबर जवळजवळ बसूनच राहील. केवळ विजेसाठी हे करू नये, असे माझे स्वच्छ मत आहे.

तरीही करावे असे म्हणतो ते उरलेल्या 21 किलोवॅट-तासांसाठी. इंजिनातून बाहेर पडलेली उष्णता 60-65 अंशांच्या पाण्याच्या रूपात तुझ्या गोठ्याला रोज हवीच आहे: दुधाचे कॅन धुवायला, धारेआधी कास पुसायला, थंडीत जनावरांना कोमट पाणी द्यायला. आज ते सगळे तू लाकडावर करतोस. आमच्याकडे कृष्णाकाठी सध्या हळद शिजवणे चालू आहे. शेतातून जाताना काहिलीची वाफ आणि हळदीचा तो उग्र वास दूरवर येतो. एक क्विंटल ओली हळद उकळीला आणायला आठ किलोवॅट-तास लागतात, म्हणजे असा एक ठोकळा रोज दोन क्विंटल शिजवील, आणि हळदीचा हंगाम नेमका निरभ्र आकाशाचा आहे. शिर्डीला 2009 पासून 16 चौरस मीटरच्या 73 तबकड्यांच्या वाफेवर अन्न शिजवण्याची व्यवस्था उभी आहे. तिथे कोणी वीज मागितली नाही, उष्णतेलाच काम दिले. मुंबईत कुलाब्याला विल्यम अ‍ॅडम्स यांनी 1878 च्या सुमारास आरशांवर अडीच अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन चालवून दाखवले होते; त्यांच्याजवळ नव्हती ती साठवण आपल्याला करता येईल, या विचाराने मला आजही उत्साह येतो.

म्हणून इंजिन तूर्त घेऊ नकोस. या हंगामात तबकडी, ठोकळा, दार आणि गोठ्याचे गरम पाणी एवढेच उभे करू, ठोकळ्यात तीन खोलींवर थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) बसवू आणि उन्हाळाभर संध्याकाळचे व पहाटेचे तापमान वहीत लिहू. त्या आकड्यांवरून इंजिनाचे माप पावसाळ्यात निश्चित करता येईल. साच्याचे लाकडी पॅटर्न मी इथे करून घेतो. कुपवाडला ओतकामाची सोय आहे. तू चुना फासलेल्या पत्र्यावरचे ठिपक्याचे फोटो सकाळी नऊ, बारा आणि तीनला काढून पाठव, शेजारी मोजपट्टी ठेवून. ते मिळाले की तोंडाचा व्यास पक्का करून पॅटर्नवाल्याला देतो.

काका-काकूंना नमस्कार, वहिनींना सप्रेम नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सांगलीचा मित्र