हार्वेला गोलांच्या मापात बसवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आइस हॉकीतल्या सर्वकालीन थोर बचावपटूंची क्रमवारी आपल्या क्रीडापानावर वाचली. मराठी वृत्तपत्रात या खेळाला एवढी जागा मिळालेली पाहून मॉन्ट्रियलमध्ये राहणाऱ्या माझ्यासारख्या वाचकाला खूप बरं वाटलं. म्हणूनच एक गोष्ट फार लागली. सगळी यादी गोल आणि असिस्टच्या (गोलाला हातभार लावणाऱ्या पासच्या) बेरजेवर लावल्यामुळे मॉन्ट्रियल संघाचा जुना बचावपटू डग हार्वे पार तळाला गेला आहे.

उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या व्यावसायिक लीगमध्ये सर्वोत्तम बचावपटूला दिली जाणारी नॉरिस ट्रॉफी १९५४ साली सुरू झाली. १९५५ ते १९६२ या आठ वर्षांत ती सात वेळा हार्वेने घेतली. कारकिर्दीतले त्याचे गोल मात्र अवघे ८८. इथल्या बेल सेंटर या मॉन्ट्रियल संघाच्या मैदानात त्याच्या जर्सीचा २ क्रमांक सन्मानाने छताला टांगलेला आहे. सामन्याला गेलो की माझी नजर आधी तिकडे जाते. जुन्या चित्रफितींत तो पक (खेळातली रबरी चकती) घेऊन आपल्याच गोलसमोर शांत उभा दिसतो. विरोधी खेळाडू अंगावर येईपर्यंत हलत नाही, आणि ते जवळ आले की त्यांनी सोडलेल्या जागेत अलगद पास सरकवतो. अशा पासची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही.

शिवाय नियम पाहा. तेव्हा दोन मिनिटांची शिक्षा झालेल्या खेळाडूला, संघावर कितीही गोल झाले तरी, पूर्ण वेळ बाहेर बसावं लागे. ५ नोव्हेंबर १९५५ला मॉन्ट्रियलच्या ज्याँ बेलिव्होने बोस्टनवर ४४ सेकंदांत तीन गोल चढवले. मॉन्ट्रियलचा हा पॉवर प्ले, म्हणजे समोरचा खेळाडू शिक्षेवर बाहेर असतानाचा हल्ला, मागून चालवणारा हार्वेच. पुढच्या हंगामापासून एक गोल झाला की शिक्षा संपू लागली. ज्या संघामुळे नियम बदलावा लागला, त्याच्या कण्याला शेवटचा क्रमांक कसा देता येईल?

बॉबी ऑरला खाली आणा, असं मी मुळीच म्हणत नाही. गोल आणि असिस्ट मिळून होणाऱ्या खेळाडूंच्या गुणतालिकेत पहिला येणारा तो आजवरचा एकमेव बचावपटू, तोही दोनदा. १९७०-७१ मधले त्याचे १३९ गुण आजही थक्क करतात, आणि गुडघ्यांनी त्याला तिशीतच थांबवलं याची हळहळ वाटते. पण लीग तोवर सहा संघांवरून चौदावर गेली होती, हेही त्या आकड्याशेजारी यायला हवं.

निकलास लिडस्ट्रॉमच्या बाबतीत तर काळ बदलल्याचा पुरावाच हाती आहे. २००५ मध्ये ओढाताण आणि अडवणुकीवर कडक शिक्षा सुरू झाल्या. त्याआधी त्याने तीन नॉरिस मिळवल्या होत्या, नंतर चार मिळवल्या. त्याचा बचाव धरपकडीवर नव्हताच. योग्य जागी उभं राहणं आणि स्टिकचं टोक वेळेवर पुढे करणं यावर होता.

पुन्हा अशी यादी छापाल तेव्हा प्रत्येक नावापुढे त्या काळात लीगमध्ये किती संघ होते आणि कोणते नियम होते, एवढी एक ओळ जरूर द्यावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, मॉन्ट्रियल