खालच्या मजल्यावरच्या काकूंना

प्रिय काकू,
शि. सा. न. वि. वि.

समोरासमोर आभार मानायला आलं की तुम्ही "चहा घेतेस का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही उघडं. नेदरलँड्समधल्या या आम्स्टलव्हेन शहरात आता आपली माणसं हजारोंनी आहेत, अजूनही कुणी ना कुणी बॅगा घेऊन उतरतच असतं आणि भाड्याच्या घरासाठी वणवण करत असतं. तुम्ही आमच्यासाठी केलंत त्यातलं बरंचसं त्यांच्याही कामाला येईल. तुमचं नाव मात्र लिहीत नाही. लिहिलं असतं तर तुम्ही आठवडाभर अबोला धरला असता.

आपली ओळख 25 नंबरच्या ट्रॅममधली. मी लेकीवर अस्सल सांगलीच्या सुरात खेकसले आणि मागच्या सीटवरून तुम्ही खुदकन हसलात. तेव्हा आम्ही कंपनीने दिलेल्या तात्पुरत्या फ्लॅटमध्ये होतो आणि त्याची मुदत संपत आली होती. फुंडा आणि पॅरारियस या घरांच्या वेबसाइटवर घर दिसलं की दहा मिनिटांत अर्ज करायचा, मग पगाराच्या स्लिपा, कंपनीचं पत्र, पासपोर्ट, सगळं पाठवायचं आणि उत्तराची वाट बघायची. एका ठिकाणी घर हातात येत होतं, पण पत्ता नगरपालिकेत नोंदवायचा नाही या अटीवर. तुम्ही ऐकताक्षणी म्हणालात, "मग ते घर नव्हे, अडचण आहे." या देशात घर बदललं की पाच दिवसांच्या आत नवा पत्ता नोंदवावा लागतो आणि डॉक्टरपासून शाळेपर्यंत सगळी कामं त्या नोंदीवर चालतात, हे तुम्ही ओउडरकेरकरलानचा स्टॉप येईपर्यंत समजावून सांगितलंत. उतरता उतरता म्हणालात, "आमच्या वरचा फ्लॅट रिकामा होतोय. मी शब्द टाकीन. पण कागद तुमचे तुम्ही वाचायचे."

शब्द टाकणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ असतात. नोकरीसाठी, शाळेच्या प्रवेशासाठी, गावाकडे तर गॅस सिलिंडरसाठीसुद्धा. शब्द टाकून झाला की पुढचं त्यांच्या मर्जीवर चालतं आणि आपण जन्मभर ओशाळे राहतो. तुम्ही शब्द टाकलात आणि लगेच कॉन्ट्रॅक्टचा मसुदा, एक पेन्सिल आणि तुमचा तो जाड काचांचा चष्मा घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसलात. नवऱ्याला वाटलं होतं, ओळखीतून घर मिळतंय तर कशाला एवढं वाचायचं. तुम्ही त्याला उत्तरच दिलं नाहीत. पहिल्या पानापासून वाचायला लावलंत, डच वाक्यन् वाक्य.

मसुद्यात तीन महिन्यांचं डिपॉझिट होतं. तुम्ही त्याखाली रेघ मारलीत. 1 जुलै 2023 पासून दोन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट मागता येत नाही. पुढच्या पानावर 'प्रशासकीय खर्च' म्हणून काही शे युरो होते. एजंट मालकाच्या वतीने काम करत असेल तर भाडेकरूकडून दलाली घ्यायची नाही, मग तिला नाव काहीही द्या. तिथेही रेघ. आणि एक वर्षाने घर रिकामं करायचं, असं एक कलम होतं. तिथे तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत आणि सरळ बसलात. 1 जुलै 2024 पासून बेमुदत करार हाच नियम आहे, मुदतीचा करार विद्यार्थ्यांसारख्या काही ठरावीक लोकांशीच करता येतो, आणि आम्ही त्यांच्यात बसत नाही. मेल मीच लिहिला. तुम्ही फक्त त्यातली दोन रागीट वाक्यं खोडलीत आणि कायद्याची तारीख घातलीत. एजंटकडून दुसऱ्या दिवशी दुरुस्त मसुदा आला. स्पष्टीकरण नाही, दिलगिरी नाही. तुम्ही म्हणालात, "दुरुस्त झालं ना? मग झालं."

मग पॉइंटांची मोजणी. हे प्रकरण मला फार आवडलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. नेदरलँड्समध्ये घराला गुण असतात. खोल्यांच्या प्रत्येक चौरस मीटरला एक गुण, माळ्यासारख्या इतर जागेला पाऊण, शिवाय स्वयंपाकघर, न्हाणीघर, बाल्कनी, घर ऊर्जा किती खातं त्याचं लेबल, नगरपालिकेने ठरवलेली घराची किंमत, सगळ्याचे गुण. पूर्वी ही मोजणी स्वस्त घरांपुरतीच बंधनकारक होती. 2024 च्या जुलैपासून मधल्या भाड्याच्या घरांनाही लागू झाली. 186 गुणांपर्यंतच्या घराचं भाडं ठरलेल्या मर्यादेच्या वर जाऊ शकत नाही, आणि 2025 साठी ती मर्यादा महिन्याला 1,184.82 युरो होती. नव्या कराराला मोजणीचा कागद मालकाने स्वतःहून जोडायचा, हाही नियम त्याच वर्षाच्या जानेवारीपासून आला. आमच्या कराराला तो जोडलेला होता. तरी तुम्ही टेप घेऊन वर आलात. नवरा टेपचं एक टोक धरून, मी वहीत आकडे लिहितेय, आणि लेक प्रत्येक खोलीत "याला किती मार्क?" विचारत फिरतेय.

आमची बेरीज 186 च्या थोडी वर गेली. म्हणजे मालकाचा हिशोब बरोबर होता आणि मर्यादा आम्हाला लागू नव्हती. मी हिरमुसले. तुम्ही टेप गुंडाळत म्हणालात, "अगं, आता निदान शंका तरी राहिली नाही. आणि वरच्या गटातल्या घरांचं भाडंसुद्धा दरवर्षी सरकार ठरवेल त्यापेक्षा जास्त वाढवता येत नाही." भाडं आम्हाला जड आहे, ते आजही आहे. पण ते का तेवढं आहे, हे मला माझ्या वहीतून दाखवता येतं. गुण कमी निघाले असते तर हूरकमिसीकडे, म्हणजे भाड्याच्या तंट्यांसाठी असलेल्या आयोगाकडे, अर्ज कसा करायचा तेही तुम्ही सांगून ठेवलं होतंत.

किल्ली मिळाली तेव्हा घर खरोखर रिकामं होतं. आधीच्या भाडेकरूने पडदे नेले, दिवे नेले, जमिनीचं लॅमिनेटसुद्धा उचकटून नेलं. छतातून वायरी लोंबत होत्या. इथे हे सर्रास चालतं हे तुम्ही आधीच सांगितलं नसतं, तर मी त्याच दिवशी सांगलीचं तिकीट काढलं असतं. पडदे आणि दोन दिवे जुन्या वस्तूंच्या दुकानातून आले, वॉशिंग मशीन बाहेरून शिडीच्या लिफ्टने खिडकीतून आत आलं, कारण जिन्यातून ते वळेना. जमिनीच्या बाबतीत मात्र तुम्ही काही म्हणजे काही ऐकून घेतलं नाहीत. इमारतीच्या मालक मंडळाचा नियम, लॅमिनेटच्या खाली पावलांचा आवाज किमान 10 डेसिबलने कमी करणारा थर हवाच. दुकानदार स्वस्तातला थर गळ्यात मारत होता, तुम्ही त्याच्याकडून प्रमाणपत्र मागितलंत. यात तुमचाही स्वार्थ होता, काकू. सहा वर्षांची मुलगी डोक्यावर राहायला येणार होती! पण तो स्वार्थ तुम्ही आधीच बोलून दाखवलात, त्यामुळे नंतर आपल्यात कधी धुसफूस झाली नाही.

घर ताब्यात घेताना प्रत्येक भिंतीचे, नळाचे, दारावरच्या ओरखड्याचे फोटो काढायला लावलेत, मीटरचे आकडेसुद्धा. कधी घर सोडलं तर मालकाने डिपॉझिट चौदा दिवसांत परत करायचं असतं, नुकसानीपोटी काही कापायचं असेल तर तीस दिवसांत. आणि कापायचं ठरलंच, तर हे फोटोच बोलतील. ते फोटो अजून फोनमध्ये आहेत, लेकीच्या वाढदिवसाच्या फोटोंच्या शेजारी.

एल्सरेक भागातल्या या घरात राहायला आल्यावर पहिल्या आठवड्यात मला झोप लागेना. कारण एकच, आवाजच नाही. विटांची बसकी घरं, पुढे बाग, बागेला कुंपण, कुंपणापलीकडे झाड, झाडापलीकडे पुन्हा तसंच. खिडक्यांना पडदे उघडेच, आत माणसं जेवताना दिसतात आणि कुणी आत डोकावत नाही. (पश्चिमेचा जोराचा वारा असला की स्किपोल विमानतळाची विमानं जवळच्या धावपट्टीवर उतरतात आणि सगळी शांतता पार धुऊन जाते, हे घर दाखवणारा एजंट कधीच सांगत नाही. तुम्ही सांगितलंत.) इथे कसं राहायचं हे तुम्ही यादी करून सांगितलं नाहीत, सुचेल तसं सांगत गेलात. कुकरच्या शिट्ट्या चालतील, रात्री दहानंतर मिक्सर नको. रविवारी ड्रिल नको. लेकीच्या वाढदिवसाला शेजारच्या सगळ्या पत्रपेट्यांत चिठ्ठी टाकायला लावलीत, "शनिवारी दुपारी थोडा आवाज होईल, केक खायला या." मला वाटलं, कोण येतंय. समोरचे आजोबा खरंच आले, ट्युलिपची जुडी घेऊन, आणि ढोकळा दोनदा मागून घेतला.

पाणी मंडळाचं पत्र आलं तेव्हा मी थेट खाली पळत आले होते, आठवतं? भाडेकरूने पाण्याच्या व्यवस्थेसाठी कर का भरायचा, हेच मला समजेना. तुम्ही खिडकीतून रस्त्याकडे बोट दाखवलंत. हा सगळा भाग समुद्रसपाटीच्या खाली, पंप चालले नाहीत तर आपण दोघीही पाण्यात. म्हणून इथे राहणारा प्रत्येक जण भरतो, मालक असो की भाडेकरू. आणि सांडपाण्याचा कर एकट्या माणसाला एका एककाचा, एकापेक्षा जास्त माणसं असली की सरसकट तीन एककांचा. "मी एकटी, म्हणून मला एक," असं तुम्ही सहज म्हणालात. त्यानंतर रविवारचं जेवण आपण एकत्र करायला लागलो, ते त्या पत्रामुळेच.

टाइसेपार्कसाठी वेगळे आभार. मी रोज त्याच्या जवळून जात होते आणि आत झाडी आहे, एवढंच मला ठाऊक होतं. तुम्ही एका एप्रिलच्या सकाळी आम्हाला आत नेलंत, सोबत माझ्या सासूबाईही होत्या. इथली जमीन पीटची, ओली आणि आम्लधर्मी. नेहमीची बागेतली झाडं तिथे नीट येईनात, म्हणून ब्रुर्से नावाच्या बाग आखणाऱ्याने 1940 पासून इथली मूळची रानफुलं आणि नेचे लावून पार्क उभं केलं आणि त्याला याक. पी. टाइसे या निसर्ग शिकवणाऱ्या शिक्षकाचं नाव दिलं. सासूबाई मात्र निराश झाल्या. गुलाबाचा ताटवा नाही, कारंजं नाही, ही कसली बाग! मग वरून किंचाळत एक थवा गेला आणि त्यांनी मान वर केली. हिरवेगार, लांब शेपटीचे, गळ्यात कंठी. आपलेच राघू. पिंजऱ्यांतून सुटलेल्या पाखरांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती, हे तुम्ही सांगितलंत, पण सासूबाईंना त्या इतिहासात रस नव्हता. "यांना थंडी कशी सोसते?" एवढंच त्या दिवसभर विचारत होत्या. सांगलीला परतल्यावर त्यांनी शेजारणींना हॉलंडबद्दल सांगितलेली पहिली गोष्ट म्हणजे हे पोपट.

आम्स्टरडॅमसे बोस या मोठ्या वनोद्यानातलं चेरीचं रानही तुमच्यामुळेच कळलं. जपानी महिलांच्या मंडळाने 2000 साली दिलेली चारशे झाडं, निम्म्यांना जपानी बायकांची नावं, निम्म्यांना डच. तुम्ही झाडांवरच्या पाट्या वाचत फिरत होतात आणि मी मनात म्हणत होते, आपल्या मंडळाने असं काही करायला हवं. गणपतीच्या मीटिंगमध्ये हा विषय काढणार आहे, तुम्ही अनुमोदन द्यायचं आहे.

तर काकू, आभार. शब्द टाकलात त्याबद्दल, आणि त्यापेक्षा जास्त त्या पेन्सिलीबद्दल. तुमचा शब्द नसता तर हे घर मिळालं नसतं, हे खरं. पण उद्या आपलं भांडण झालं तरी आम्हाला या घरातून कुणी हलवू शकणार नाही, अशी व्यवस्था तुम्ही स्वतःच करून ठेवलीत. असं उपकाराचं ओझं न ठेवणारी मदत मला याआधी कुणी केली नव्हती.

आता एक तक्रार. मागच्या वर्षी तुम्ही बागेचं कुंपण कापायला स्वतः शिडीवर चढलात. यंदा ते चालणार नाही. सध्या त्यात काळ्या मेर्ल पक्ष्याने घरटं केलंय, म्हणजे जुलैच्या मध्यापर्यंत कुणी हात लावायचा नाहीच. त्यानंतरच्या पहिल्या कोरड्या शनिवारी आम्ही तिघं खाली येतो. यंत्र नवरा आणेल, पाचोळा लेक गोळा करेल, मी पुरणपोळ्या घेऊन येईन. तुम्ही खुर्चीत बसून फक्त सूचना द्यायच्या. शिडी आम्ही आजच वर नेऊन ठेवली आहे.

तुमची,
वरच्या मजल्यावरची